टाकीतले जावई

११ नोव्हेंबर

प्रिय टिटवे,

चुळ्ळुक!

आठवतो का हा आवाज? मामाच्या परसातल्या दगडी हौदाचा. आपण दोघं काठावर पाय सोडून बसायचो. मी पुस्तकातली कविता घोकायचो आणि तू नखानं शेवाळ खरवडायचीस. कडवं संपलं की तळातून कुणीतरी एकच गिरकी घ्यायचं आणि चुळ्ळुक करून पुन्हा खाली जायचं. मी म्हणायचो, "दाद दिली." तू म्हणायचीस, "डास खाल्ला." तिथूनच आपल्या वाटा वेगळ्या झाल्या म्हणायच्या. मी शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासता तपासता म्हातारा झालो आणि तू मत्स्यसंग्रहालयात माशांच्या ओळखी पटवता पटवता.

तर परवा सकाळी तोच आवाज मला आमच्या जिन्याखाली ऐकू आला. तिथं इमारतीची पाण्याची टाकी आहे, जमिनीत पुरलेली, वर लोखंडी झाकण. मी दूध घेऊन येत होतो आणि सवयीनं पुटपुटत होतो,

नको हलवू रे वाऱ्या, फांदी पाण्यात वाकली,
तळे निजले खालती, त्याची पापणी झाकली

आणि झाकणाखालून चुळ्ळुक! झाकण सरकवताना हातातली पिशवी सुटली. दूध कुठं गेलं ते अजून आठवत नाही. वाकलो, तर आत एक मासा! जणू चांदण्यानं अंगरखा शिवून घेतलाय आणि शिंप्यानं बाह्या लावायच्या विसरल्यात. डोळे असे, की निकाल लागायच्या आदल्या दिवशीचं पोर. मी पुन्हा पहिल्यापासून कविता म्हटली. तो वर आला आणि शेवटच्या ओळीपर्यंत हलला नाही.

इतक्यात मागून आमचे सेक्रेटरी आले. हा गृहस्थ म्हणजे नियमांचं गाठोडं. जिन्यात मोठ्यानं हसू नये अशीसुद्धा त्यांनी पाटी लावली आहे.

"हा कोण?" त्यांनी विचारलं.

"मासा."

"ते दिसतंय मला. कुठला? नाव काय? बिनओळखीचं कुणी आपल्या आवारात राहू शकत नाही, काका. महिनाअखेरीला टाकी धुवायला माणसं येतायत. तोवर ओळख पटली तर सभेपुढं ठेवतो. नाही पटली तर आमच्या घरी तळणं बरं होतं."

टिटवे, तुझी वहिनी गेल्यापासून माझी कविता कुणी पुरी ऐकलेली नाही. मुलगा फोनवर ऐकतो, पण दुसऱ्या कडव्याला त्याच्याकडचा आवाज नेमका तुटतो. हा मासा शेवटपर्यंत ऐकतो गं. ह्याला नाव दे. चांगलंसं, सेक्रेटरी ज्याला घाबरतील असं.

तुझा दादा

१६ नोव्हेंबर

दादा,

पत्र मिळालं. त्यातून मासा शोधून काढायला मला भिंग घ्यावं लागलं. चांदणं आहे, शिंपी आहे, सांडलेलं दूध आहे. मासा म्हणशील तर इन मीन दीड ओळ. चांदण्याचा अंगरखा हे वर्णन माझ्या माहितीतल्या निम्म्या माशांना लागू पडतं, शिवाय आमच्या इथल्या बँडवाल्यालाही.

माशाला पापणी नसते. पापणी तळ्याची आहे हे मला समजलंय, त्यावर वेगळं पत्र पाठवू नकोस.

ओळख पटवायची एक रीत असते. ती सांगते तशीच कर, आपल्या पदरची भर घालू नकोस. मिशा आहेत का, असल्या तर किती, ते बघ. पाठीवर पर एक की दोन, ते बघ. मग कल्ल्यापासून शेपटीपर्यंत अंगाच्या मधोमध एक बारीक रेघ जाते, त्या रेघेवरचे खवले मोज. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. मासा रंगानं फसवतो, आकारानं फसवतो. खवल्यांच्या संख्येनं फसवत नाही.

आणि कृपा करून लोकांना नाव विचारत फिरू नकोस. नदीच्या दर वळणावर त्याच माशाला वेगळं नाव असतं. आमच्याकडं ज्याला 'सोनार' म्हणतात, त्याला पुढच्या गावात 'चोरटा' म्हणतात. दोन्ही गावांत त्यावरून ठरलेली लग्नं मोडली आहेत.

सेक्रेटरी घाबरतील असं नाव मी देणार नाही. असेल ते देईन. सगळ्या नोकरीत मी एका माशाला चुकीचं नाव दिलेलं नाही, आणि आतेभावासाठी सुरुवात करायचं माझं वय नाही.

दुधाची पिशवी टाकीत पडली नाही ना, तेवढं बघ.

टिटवी

२१ नोव्हेंबर

प्रिय टिटवे,

पिशवी टाकीतच होती. मासा तिच्याशी खेळत होता. काढली.

तू लोकांना विचारू नकोस म्हणालीस, पण मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. झाकण उघडं दिसल्यावर कोण राहतंय न डोकावता?

आधी आमचा वॉचमन आला. त्यानं आत पाहिलं आणि टोपी काढली. "अहो काका, हे तर जावई!"

"कुणाचे?"

"कुणाचे काय, नावच ते. आमच्याकडं ह्यांना जावईच म्हणतात. सावलीला पडून राहतात, समोर येईल ते खातात आणि जायचं नाव काढत नाहीत. जाळ्यात आले तर आम्ही हळूच परत सोडतो. जावयाला कुणी तळतं का?"

मग दूधवाला आला. त्याच्या गावात हा 'हवालदार'. मिशांमुळं. हवालदार जाळ्यात आला तर सलाम ठोकून सोडतात, नाहीतर म्हणे वर्षभर घरामागं चौकशा लागतात. एवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई खाली आल्या आणि दोघांना हसल्या. "कसला हवालदार नि कसले जावई! हा 'पोटभर'. एक मिळाला की घरदार जेवून उठतं. मला तर बघूनच भूक लागली."

झालं! संध्याकाळी सभा भरली ती जिन्यातच. जावईवाले एका बाजूला, पोटभरवाले दुसऱ्या बाजूला, आणि हवालदारवाले दाराशी, म्हणजे वेळ आली तर पळता यावं. शिवणकामवाल्या बाई वॉचमनला म्हणाल्या, "तुमचे जावई आहेत तर तुमच्या घरी न्या की!" वॉचमन म्हणाला, "मुलगी असती तर नेले असते." सेक्रेटरींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि निर्णय दिला.

"नावं तीन आली. म्हणजे मासे तीन. त्यातला एक हजर आहे. बाकीचे दोन कुठं आहेत?"

सगळ्यांनी वाकून टाकीत पाहिलं. टिटवे, आता आमच्या सभेच्या ठरावात लिहिलेलं आहे, की टाकीत तीन मासे असून दोन गैरहजर आहेत. त्यांना हुडकायला वॉचमन सबंध दुपार गळ्यापर्यंत पाण्यात उभा होता. जावई त्याच्याभोवती फिरत होते.

मी मात्र तुझ्या रीतीनं चाललो. मिशा दोन. पाठीवर पर एक. खवले मोजायला जरा वेळ लागला. कविता म्हटल्याशिवाय तो स्थिर राहत नाही आणि कविता म्हणताना मीच वाहवत जातो. 'पापणी' आली की माझा आकडा गेला. शेवटी शिवणकामवाल्या बाईंचं भिंग आणलं, टाकीच्या काठावर पालथा पडलो, आणि ओळीच्या तालावर एकेक खवला घेत गेलो. बासष्ट. पुन्हा मोजले, पुन्हा बासष्ट. जन्मभर मुद्रितं तपासलेला डोळा आहे, चुकायचा नाही.

सेक्रेटरी म्हणतात, तुझ्याकडून एक नाव, एकच, आलं तर ते बाकीची तिन्ही रद्द करतील. लवकर कळव. टाकी धुवायची माणसं आज येऊन झाकण मापून गेली.

तुझा दादा

२४ नोव्हेंबर

दादा, माझ्या दादा,

घाईत लिहितेय, अक्षराला हसू नकोस.

दोन मिशा, पाठीवर एक पर आणि रेघेवर बासष्ट खवले असा मासा नाही. म्हणजे आपल्या नदीत नाही असं नव्हे. कुठंच नाही! मी पुस्तकं पालथी घातली. संग्रहालयात जाऊन बरण्यांपुढं उभी राहिले. ज्या माणसानं माझ्या निरोपाच्या दिवशी मला छत्री दिली, त्या माझ्या जुन्या साहेबांना गाठलं. त्यांनीही पुस्तकं पाहिली आणि खुर्चीत बसले.

हा मासा जगाला माहीत नाही, दादा. आणि तो तुझ्या दुधाच्या पिशवीशी खेळतोय!

इतकी वर्षं मी दुसऱ्यांनी शोधलेले मासे ओळखले. घरी आल्यावर वाटायचं, आपण म्हणजे पोस्टमन. पत्रं दुसऱ्यांची, आपण नुसती वाटायची. हे मी कधी कुणाला बोलले नाही. ह्या वयात मला माझा स्वतःचा मासा मिळाला, तोही तुझ्या टाकीत. त्याला तुझंच नाव देऊ, साहेब कबूल आहेत.

संग्रहालयाची गाडी तीस तारखेला सकाळी येईल. सोबत मोठी बरणी आणि औषध असतं. नवा मासा बरणीत ठेवावाच लागतो, त्याशिवाय तो जगात धरला जात नाही. औषधात दुखत नाही. टाकी धुवायला येणाऱ्यांना तोवर हात लावू देऊ नकोस.

तुला आनंद झाला ना?

तुझी टिटवी

२६ नोव्हेंबर

प्रिय टिटवे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्या आनंदानं डोळ्यांत पाणी आलं, दुसऱ्यांदा बरणीनं.

अगं, मी त्याला कढईतून वाचवायला तुला लिहिलं आणि तू त्याला लोणच्यासारखा मुरवणार! जिवंत आहे तर जगात नाही, आणि मेला की जगात? हा कुठला हिशेब?

इथली तऱ्हा तर काय सांगू. तुझं पत्र सेक्रेटरींना दाखवलं, कारण एरवी ते टाकी धुवायला लावत. त्यांनी ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. मला म्हणाले, "म्हणजे ह्याला ओळखणारं जगात कुणीच नाही?" मी म्हटलं, "नाही." तर तासाभरात टाकीशेजारी पाटी. 'येथे जगास अज्ञात रहिवासी आहेत. शांतता राखावी.' टाकी धुणं पुढं ढकललं. तेव्हापासून ते इस्त्रीचा सदरा घालून झाकणापाशी स्टुलावर बसतात. देखरेख म्हणे. काल संध्याकाळी मला विचारलं, "काका, ह्याला एकटं वाटत असेल का हो?" आणि लगेच घसा खाकरून म्हणाले, "म्हणजे, नियमात तशी तरतूद नाही." पण तुझ्या पत्रासोबत आलेल्या गाडीच्या कागदावर सही त्यांनीच केली आहे. संग्रहालयाच्या लोकांना चहा स्वतःच्या घरी ठेवलाय. त्यांच्या सहीला आमच्याकडं कुणी आव्हान देत नाही.

तूच काहीतरी कर. एखादा खवला इकडं तिकडं झाला असं लिही ना! तू म्हणशील खोटं बोलू नको. बरं, खोटं नको. पण तू तरी एवढ्या बासष्टांवर का अडून बसलीस? त्यात मोठे खवले बावीसच आहेत, बाकीचे अठरा तर बारके आहेत, नखाएवढे पण नाहीत. मोठ्यांचे दोन दोन आणि बारक्यांचा एक एक धरला, की होतात बासष्ट. ओळीच्या मात्रा मोजतो तसेच मोजले, शाळकरी पोरही सांगेल. एवढ्याशा बारक्यांसाठी एका जिवाला बरणीत घालायचं?

विचार कर. हवं तर त्याला माझं नाव देऊ नकोस. मला माझं नाव आहे.

तुझा दादा

२८ नोव्हेंबर

दादा,

मोठ्यांचे दोन दोन???

खुर्चीवरून उठले, पाणी प्यायले, परत बसले. परत वाचलं. मोठ्यांचे दोन दोन. अरे, तुला मोजायला सांगितले होते खवले, तू त्यांना वृत्तात बसवलंस! मोठा खवला म्हणजे दीर्घ आणि बारका म्हणजे ऱ्हस्व, होय? बरं झालं, रेघेवर एखादा खवला अर्धा तुटलेला नव्हता, नाहीतर त्याला तू पोटफोड्या ष समजून पाऊण धरला असतास!

खवला म्हणजे एक. हत्तीएवढा असो नाहीतर मुंगीएवढा, एक. बावीस आणि अठरा चाळीस होतात. दोन मिशा, एक पर, चाळीस खवले. हा मासा कोणता, ते ओळखायला पुस्तक लागत नाही. नदीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, प्रत्येक डबक्यात, नाल्यात आणि हौदात तो आहे. संग्रहालयात त्याच्या इतक्या बरण्या आहेत, की दारं उघडी राहावीत म्हणून आम्ही त्या दारांना लावतो. तुझा वॉचमन बरोबर, दूधवालाही बरोबर, शिवणकामवाल्या बाईही बरोबर. त्या त्या गावात ह्याला तेच म्हणतात. आमच्या गावात तर तो इतका असतो, की त्याला वेगळं नावच कुणी ठेवलं नाही. आम्ही नुसतं 'मासा' म्हणतो.

म्हणजे पहिल्या दिवशी तू सेक्रेटरींना जे सांगितलंस, तेच शास्त्रशुद्ध उत्तर होतं.

मग साहेबांकडं गेले. म्हटलं, चूक झाली, गाडी थांबवा. ते म्हणाले, गाडी निघाली. म्हटलं, निरोप धाडा, मासा नवा नाही. तर म्हणतात, "बाई, एकदा नवा म्हणून कळवलेला मासा जुना कसा होईल? वरपर्यंत गेलंय. आणि नव्या माशासाठी निघालेली बरणी आजवर रिकामी परत आलेली नाही." मी म्हटलं, आहे की तो, आपल्या दाराला लावलेला, तोच घ्या. ते म्हणाले, तो ओळखीचा आहे.

माणसं परवा सकाळी तुझ्याकडं पोचतील. ती माझं ऐकणार नाहीत, माझ्या सहीचं ऐकतील, आणि ती सही मीच दिली आहे.

दादा, माझा मासा गेला त्याचं वाईट वाटायला मला पुढं पुष्कळ वेळ आहे. पण तुझा अजून आहे. मी कुणाला खोटं सांगायला शिकवलेलं नाही. म्हणून मी काहीच सांगत नाही. फक्त एवढंच, की हा मासा पाण्याबाहेर ओल्या फडक्यात बराच वेळ तग धरतो. ही निव्वळ शास्त्रीय माहिती आहे.

टिटवी

३० नोव्हेंबर

प्रिय टिटवे,

तुझी शास्त्रीय माहिती आज सकाळी पोचली, गाडीच्या थोडी आधी. मी पंचा भिजवला आणि चपला न घालता जिना उतरलो. पण स्टुलावर सेक्रेटरी होते. केस विंचरलेले, सदऱ्याच्या बाह्या मात्र कोपरापर्यंत ओल्या. मी पंचा पाठीमागं लपवला. ते म्हणाले, "काका, आज झाकणाला हात लावायचा नाही. सरकारी काम आहे." मी उभा राहिलो. पंच्यातलं पाणी माझ्या टाचेवर ठिबकत होतं, पण मला तिथून हलता येईना.

मग ती माणसं आली. दोघं होती. बरणी एवढी मोठी, की तिला दोघांनी मिळून धरलेली, एखाद्या आजीबाईला धरून आणावं तशी. सेक्रेटरींनी पुढं होऊन स्वागत केलं. चार ओळींचं भाषण केलं, त्यात 'आपल्या इमारतीचा गौरव' दोनदा. झाकण सरकलं. मी डोळे मिटून घेतले आणि मनातल्या मनात आपलं कडवं म्हणायला लागलो. निदान शेवटची ओळ तरी त्यानं ऐकावी.

चुळ्ळुक झालं नाही.

डोळे उघडले, तर टाकीत पाणी. नुसतं पाणी. बॅटरी मारून पाहिली, जाळं फिरवलं, काठीनं कोपरे ढवळले. मासा नाही! सगळ्यात मोठ्यानं सेक्रेटरी ओरडले, वॉचमनवर. "तीन होते, तिन्ही गेले! तुम्ही काय झोपा काढत होता?" वॉचमननं टोपी काढून आत पाहिलं आणि मला हळूच म्हणाला, "काका, न सांगता गेले. काही बोलाचाली झाली का?"

त्या दोघांची काय अवस्था झाली म्हणतेस! बरणी रिकामी परत नेता येत नाही. बराच वेळ त्यांनी आपसात कुजबुज केली. मग एकानं टाकीत वाकून ती बरणी पाण्यानं भरून घेतली, वर झाकण घट्ट लावलं आणि चिठ्ठी डकवली. काय लिहिलं ते मी वाचलं नाही. तुला तिथं दिसेलच. नंतर सेक्रेटरी त्यांना चहाला आपल्या घरी घेऊन गेले.

मी वर आलो. ओला पंचा दोरीवर टाकला आणि हे पत्र लिहायला बसलो. वाटलं, तुला लिहावं, की बरणीतून वाचला हे खरं, पण कुणी नेला असेल? कढईतच गेला असेल का? शिवणकामवाल्या बाईंच्या दाराशी जाऊन वास घेऊन आलो. नुसता मशीनच्या तेलाचा होता. घरात इतकं शांत वाटलं, की दोन ओळी म्हणून पाहिल्या आणि पुढं गेलोच नाही. इथवर लिहिलं आणि दारावरची बेल वाजली.

मी उठलो नाही. मला वाटलं, बरणीवाले. माझी जबानी हवी असेल. पुन्हा वाजली. मग कुणीतरी दारावर पायानं थाप मारली. हातानं नव्हे, पायानं. उघडलं.

सेक्रेटरी! जिन्यात धावू नये ही पाटी ज्यांनी लावली, ते धापा टाकत उभे. इस्त्रीचा सदरा छातीपासून गुडघ्यापर्यंत चिंब. दोन्ही हातांत घरातलं सगळ्यात मोठं पातेलं, वर ताट झाकलेलं, आणि ते ताट आतून कुणीतरी ठकठक वाजवत होतं.

"त्यांना हात धुवायला मोरीत जायचंय," ते कसंबसं कुजबुजले. "बाजूला व्हा, काका. जड आहे."